भाता

इनास मास्तरांची वही माझ्याकडे आली
त्यांच्या पुतणीने घर रिकामं करताना,
गॅसची जुनी पुस्तकं आणि तुटक्या रोझरींच्या डब्यासोबत.
"तूच भाता मारायचास ना ऑर्गनचा," ती म्हणाली,
जणू तेवढ्याने वारस ठरतो.

वागळे इस्टेटमधल्या काचकारखान्याची ती हजेरीवही.
डाव्या पानावर कामगारांचे खाडे,
उजव्या पानावर स्वर्ग.
मास्तर दिवसा पगारपत्रकं करायचे
आणि रात्री देवाला बोलायला लावायचे,
तेही पुस्तकी नाही, आमच्या उथळसरच्या घरातलं,
म्हणून देवाचं पहिलंच वाक्य :
"कोन हाय रं तिकरं?"

तीन रात्रींचं नाटक, पासष्ट पात्रं.
नरकाचं तोंड म्हणजे कळव्याच्या खाडीतली फुटकी होडी,
उभी केलेली, आत लाल कागद लावलेला बल्ब.
सैतान कैतान सुतार.
त्याला बघायला तलावपाळीवरचे भेळवालेसुद्धा
गाड्या झाकून यायचे.

पहिल्या रात्री न्याय आणि दया देवापुढे भांडतात.
न्यायाचं बोलणं मास्तरांनी एकदाच लिहिलं, शाईने.
दयेचं दरवर्षी खोडलेलं, पेन्सिलीने,
आणि बाजूला : अजून पटत नाही.

फादर आल्मेडा एकदा सांगत होते,
पॅरिसात साडेपाचशे वर्षांपूर्वी असाच एक होता,
मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा,
पोरांना सूर शिकवायचा, त्यांच्या कानशिलातही द्यायचा,
आणि येशूच्या दुःखावर त्याने जे नाटक लिहिलं
ते चार दिवस चालायचं.
मास्तर चहाची बशी धरून ऐकत राहिले.
मग एवढंच विचारलं,
"त्याला जुदास मिळायचा का?"
फादर हसले. ते कुठे लिहिलेलं नाही म्हणाले.

कारण आम्हाला मिळत नव्हता.
वहीत प्रत्येक पात्रापुढे नाव आहे.
पेत्र – जॅसिंत रिक्षावाला. मरिया – फिलूमावशीची सून.
गाढव – भाड्याने, चेंदणीहून.
जुदासपुढे काही नाही.
एकाच्या मुलीचं जमत आलेलं,
एकाचं दुकान, गिऱ्हाइकं काय म्हणतील.
तिसरा हो म्हणाला आणि ऐन रात्री त्याला ताप भरला.

तेव्हा मास्तर माळ्यावरून उतरले.
बुशशर्टावरच घोंगडी घेतली.
कैतानच्या पेटीतले तीस वायसर मोजून फेकले
देवळाच्या पायरीवर,
त्यातला एक घरंगळत थेट प्रेक्षकांत गेला
आणि कुणीही तो उचलला नाही.
मग दोर.

इतका वेळ वाजणारा ऑर्गन तिथे गप्प.
त्या शांततेचं केवढं कौतुक झालं!
फादर म्हणाले, "काय योजना केलीत, मास्तर!"
मास्तर मान खाली घालून वायसर वेचत होते,
एकोणतीसच भरले.
पुढच्या वर्षी लोकांनी ती शांतता मागून घेतली,
जुदासही त्यांनाच करायला लावला.
अकरा वर्षं.
वाजवणारा खाली लटकलेला असायचा म्हणून सूर नव्हता,
हे फक्त मला माहीत, असं मी समजत होतो.

मी वर होतो. तेरा वर्षांचा,
हातात लाकडी दांडा, तळव्याला फोड.
थांब असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मारत राहिलो.
दोरीला बांधलेलं शिसं खुणेपर्यंत आलं,
सगळ्या नळ्यांखाली वारा येऊन उभा,
पट्ट्यांवर एकही बोट नाही,
आणि खाली मास्तरांचे पाय,
एका चपलेचा अंगठा तुटलेला.

काल रात्री ते पान सापडलं.
जुदास लटकतो.
त्याखाली दया, पुढे दोन टिंबं,
आणि कोरी ओळ.
खोडलेलंसुद्धा काही नाही.
फक्त कडेला, बारीक अक्षरात, शाईने :
बास्त्यावने भाता सोडू नये.